बन्सीच्या डिझेलमधलं पाणी

राहू गावच्या बन्सीला दुधात पाणी खपत नाही. रोज सकाळी तो पिकअपमधून गावाचं दूध गोळा करून केडगावच्या शीतकरण केंद्रावर नेतो. प्रत्येक कॅनमध्ये दुधाचा दाटपणा मोजणारा लॅक्टोमीटर सोडतो, डिग्री बघतो. सख्ख्या सासऱ्याचं दूधही त्यानं परत पाठवलंय.

त्या दिवशी पाळी शेजारच्या भागुबाईंवर आली.

"मामी, पाणी हाय यात."

"आरं, कॅन धुतला आन् पालथा घालायचा राहिला. तेवढंच असंल."

"सगळे ह्येच सांगत्यात."

भागुबाईंनी कॅन पिकअपमध्ये चढवला आणि स्वतः पुढं जाऊन बसल्या. "चल. केंद्रावरच्या तुझ्या सायबालाच दावते."

गावाबाहेर, उसाच्या कडेला, गाडीनं दोन-तीन आचके दिले आणि मान टाकली. ऊन तापायला लागलं होतं. मागं अख्ख्या गावाचं दूध. वेळेत थंड झालं नाही तर सगळं नासणार.

बन्सीनं बॉनेट उघडलं. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून खाली बाटली धरली. बाटलीत दोन थर झाले. वर पिवळं डिझेल, खाली नितळ पाणी.

भागुबाई वाकून बघत होत्या. "किती डिग्री लागली रं?"

"पंपवाले चोर हायेत, मामी."

"पंपावर भरलंस व्हय?"

नव्हतं. पहाटे घरी दुधाच्या एका जुन्या कॅनमधून डिझेल ओतलं होतं. त्या कॅनवर धूळ दिसली म्हणून आदल्या दिवशी त्यानंच तो धुऊन त्यात डिझेल भरलं होतं, हे त्याला सांगावं लागलं.

"धुतला? मग पालथा घातला का न्हाई?"

"न्हाई."

"सगळे ह्येच सांगत्यात."

बन्सी गाडीखाली सरपटला. टाकीचा बोल्ट ढिला केला. तळाला बसलेलं पाणी आधी आलं, मग डिझेल. बोल्ट आवळला. फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढली.

"मामी, चावी फिरवा."

गाडी खोकली, धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली.

केंद्रावर सगळं दूध उतरलं. भागुबाईंच्या कॅनमधला लॅक्टोमीटर बघून साहेब थबकले. "बन्सी, यात पाणी आहे."

"कॅन वला व्हता, सायेब. मामी खरं बोलत्यात."

बन्सीनं कुणाची बाजू घेतल्याचं साहेबांनी कधी ऐकलं नव्हतं. दूध घेतलं गेलं.

हल्ली बन्सीचा डिझेलचा कॅन कुंपणावर पालथा असतो. सकाळी भागुबाई आधी तिकडं जातात. आत हात घालून बोटं फिरवतात.

"कोरडा हाय," म्हणतात. "आता घे माझं दूध."