बेंबळीच्या बाजारातले चष्मेवाले चाचा

बेंबळीच्या आठवडी बाजारात चष्मे विकणारे ते चाचा प्रत्येकाचे म्हणणे आधी "बराबर हाय" म्हणून मान्य करीत आणि मग स्वतःला हवे तेच करीत. हैदराबादेत दृष्टितपासणीचे शास्त्र शिकणारी मी, सुट्टीत आले की त्यांच्या चटईपाशी थांबून या स्वभावाचा अर्थ लावू पाहत असे. तो कधीच नीट लागला नाही.

आडतीवर धान्य निवडणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशींना खडे दिसेनासे झाले होते. हातचे काम जाण्याची वेळ आली होती. पुस्तक धरतात तितक्या अंतरावर ठिपक्यांचा कागद धरून मी त्यांचा नंबर दोनदा काढला आणि चिठ्ठी चाचांना दिली.

"बराबर हाय, बेटी," म्हणत त्यांनी त्याहून कमी नंबरचा चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून मावशींना दिला. मग त्यांना पाय पसरून बसवले, गुडघ्यांवर, म्हणजे माझ्या कागदापेक्षा बरेच लांब, ज्वारीने भरलेले सूप ठेवले. मावशींनी भराभर खडे टिपले. माझ्या नंबराच्या चष्म्याने त्यांना एकही धड टिपता आला नाही. मी पुन्हा कागद धरला, तर ठिपके मात्र माझ्याच नंबराने स्पष्ट दिसत होते.

"मग माझं कुठं चुकलं, चाचा?"

"कुठंच न्हाय. पर मावशी कागद कवा निवडती?"

मावशी हसत कमी नंबरचा चष्मा घेऊन गेल्या. माझ्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे अचूक नंबरासाठी एकच रकाना आखलेला होता. त्यात कोणता आकडा लिहावा, हे मला बाजार उठेपर्यंत ठरवता आले नाही.