सासरेबुवांची मंजुरी

सूनबाई वेबसाइट बनवायची आणि ऑफिसात भल्याभल्या क्लायंटना वठणीवर आणायची. काय करायचं, कधी द्यायचं, बदल किती वेळा करून मिळतील, सगळं आधी ठरवायची आणि मगच कामाला हात लावायची. पण घरच्या सायकल दुकानाची वेबसाइट अंगावर घेतली आणि तिथेच घोडं अडलं. कारण क्लायंट होते खुद्द सासरे. आता बोला!

दुकान हल्ली नवराच बघायचा. "साइट तेवढी बाबांकडून मंजूर करून घे, त्यांना बरं वाटेल," एवढं सांगून तो मोकळा झाला होता.

दर बुधवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मीटिंग. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, चष्मा पुसून वेळेआधी हजर. एरवी सूनबाई म्हणणारे बाबा तेव्हा तिला मॅडम म्हणायचे.

"मॅडम, हा निळा फार थंड वाटतो."

"बाबा, मागच्या बुधवारी तुम्हीच तो निळा करायला लावलात."

"तेव्हा चष्मा नीट पुसला नव्हता."

हसावं की रडावं! रंग झाला, मग लहान मुलांच्या सायकली पानावर सगळ्यात वर घ्यायच्या ठरल्या, मग त्या परत खाली गेल्या. काम मारुतीच्या शेपटासारखं लांबतच चाललं.

शेवटी नवरा वैतागला. "शाळा सुरू व्हायच्या आत साइट हवी. त्यांना न विचारता चालू कर. कळणारही नाही."

"कळेल," ती म्हणाली. ज्यांनी हे दुकान उभं केलं त्यांनाच वगळलं, तर घरात त्यांच्या शब्दाला काडीची किंमत उरणार नव्हती.

त्या बुधवारी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. "बाबा, खरं सांगा. साइट आवडली नाही का?"

"आवडली की. पहिल्याच दिवशी आवडली." बाबा समोरचा पेला उगाच इकडचा तिकडे करत राहिले. "पण एकदा हो म्हटलं की संपलं ना गं. दुकानातलं मला आता कोण विचारतंय? तू तरी विचारत होतीस."

तिला भरून आलं. मग बाबांनीच "कर चालू" म्हटलं आणि उठून आत गेले.

ती तडक दुकानात गेली. "मिळाली मंजुरी," तिने नवऱ्याला सांगितलं. "माझं काम झालं. पण दुकानातलं बाबांना विचारायचं काम तुझं होतं. ते माझ्या गळ्यात मारून तू हात झटकलेस."

नवरा पाठ फिरवून एका सायकलीत हवा भरायला लागला. रागावला असेल, असंच तिला वाटलं.

पुढच्या बुधवारी तो लवकर घरी आला. बाबा टेबलाशी एकटेच बसले होते. तो समोरच्या खुर्चीजवळ जरा घुटमळला.

"बाबा, नवीन माल भरायचाय. कुठल्या सायकली घेऊ, ते तुम्हाला विचारायचं होतं."

बाबांनी मान वर केली. डोळे भरले होते, आवाज मात्र जुन्या मालकाचा होता.

"आधी बस," ते म्हणाले.