कौतिकभाऊंचे शेवटचे तीन दिवस

जळगावात एक दुकान कायम बंद होत असे. त्याचं नाव 'प्रेमराज बचत बाजार', पण ते नाव फक्त वीजबिलावर यायचं. लोक त्याला 'तीन दिवसवालं' म्हणत, कारण दारावर पत्र्याची भलीमोठी पाटी होती: 'दुकान खाली करणे आहे. शेवटचे तीन दिवस.' ही पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा ज्या पोरी आईचं बोट धरून फ्रॉक घ्यायला आल्या होत्या, त्या आता सुनांना घेऊन येत. पाटी गंजली की नवी रंगवून घेतली जाई. मागच्या खेपेला पेंटरने रंगाची पाच वर्षांची गॅरंटी दिली, तर दुकानाच्या शेठने घासाघीस करून ती दहावर नेली. शेवटच्या तीन दिवसांची एवढी लांबची तजवीज दुसरीकडे कुठे झाली नसेल.

या दुकानाचा आवाज म्हणजे कौतिकभाऊ. धुळ्याकडच्या खेड्यातून ते साड्यांच्या घड्या घालायला म्हणून इथे आले. दुकानाचे शेठ प्रेमराजआबा सावद्याच्या केळीवाल्या घरातले. भावाभावांत वाटणी झाली तेव्हा मळा भावांना सोडून त्यांनी शहरात दुकान टाकलं होतं. एका दिवाळीत माइकवर ओरडणारा माणूस सासरवाडीला पाचोऱ्याला गेला तो परतलाच नाही. आबांनी माइक कौतिकभाऊंच्या हातात दिला आणि धंद्याचं सगळं शिक्षण एका वाक्यात उरकलं. "गिऱ्हाईकाला स्वस्त आहे म्हणून सांगू नको," ते म्हणाले, "संपत आलं म्हणून सांग."

तेव्हापासून रोज सकाळी कौतिकभाऊ घसा खाकरून सुरू करत, "माता-भगिनींनो, आज, उद्या आणि फक्त परवा." तो परवा काही उजाडला नाही. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, आबांचे केस गेले, शेवटी आबाही गेले. परवा आपला परवावरच राहिला.

दुकान चालायचं ते देण्याच्या साड्यांवर. आपल्याकडे लग्नात द्यायच्या साड्या वेगळ्या आणि नेसायच्या वेगळ्या. देण्याची साडी उघडून पाहणं हा देणाऱ्याचा अपमान आणि नेसणं हा स्वतःचा. म्हणून ती आली तशी कपाटात जाते आणि पुढच्या लग्नात तशीच दुसऱ्या कपाटाकडे रवाना होते. सावद्याहून निघालेली साडी पहूर, पाचोरा, धुळं करत पुन्हा सावद्याला पोचते. एवढा प्रवास तर ती घेणाऱ्या बाईनेही केलेला नसतो. कौतिकभाऊंच्या मुलीच्या, दिपमालाच्या लग्नात आहेराचा ढीग पडला, तेव्हा त्यातल्या निम्म्या साड्यांची घडी त्यांनी लांबूनच ओळखली. ती त्यांचीच होती. एखाद्याला गहिवरून आलं असतं. त्यांच्या बायकोने, भागाबाईंनी, त्या साड्या मोजून ट्रंकेत टाकल्या आणि पुढच्या लगीनसराईला वाटेला लावल्या.

आबांच्या मागे दुकान नातवाकडे आलं. पियुष पुण्यात शिकला होता आणि येताना एक शब्द घेऊन आला होता, रिडेव्हलपमेंट. जुनं पाडायचं आणि तिथे काचेची इमारत उभी करायची. खाली ब्रँडेड दुकानं, वर फूड कोर्ट, त्याच्या वर लहान मुलांसाठी गेम झोन, आणि सगळ्यात खाली, जिथे आबांनी जमिनीवर बसून धंदा केला त्याच्याही खाली, पार्किंग.

बातमी गल्लीत पसरली आणि गल्लीला फार वाईट वाटलं. वाईट वाटणं फुकट असल्यामुळे ते सगळ्यांनी घेतलं. व्हॉट्सॲपवर दुकानाचा फोटो फिरला, खाली 'आपलं बालपण हरवलं' असं लिहून. ते लिहिणाऱ्याने दिवाळीचे कपडे मोबाइलवरून मागवले होते. एका मुलीने दुकानासमोर उभी राहून रडक्या गाण्यावर रील केली. तिने कौतिकभाऊंना विचारलं ते एवढंच, की उजेड कुठल्या बाजूने चांगला पडतो. त्यांनी दाखवलं. रुमाल घेतेस का, असंही विचारलं. नको म्हणाली.

आता मुद्द्याचं. पियुषने एक दिवस कौतिकभाऊंना गल्ल्याजवळ बोलावलं. महिनाअखेरीला पाडायला मशीन येणार होतं. तोवर माल संपला तर बरं, नाहीतर सुरतचा व्यापारी सगळं किलोवर उचलून नेणार होता.

"माल तुम्ही संपवलात काका, तर नव्या बिल्डिंगमध्ये जिन्याखालचा गाळा तुमचा," पियुष म्हणाला. "किलोवर गेला, तर माझ्या हातात काही राहत नाही."

त्या दिवशी घरी जाताना कौतिकभाऊंची सायकल आपोआप चालत होती. जन्मभर ते दुसऱ्याच्या दुकानात उभे होते. बसायचे ते स्टूलसुद्धा आबांचं होतं. स्वतःचा गाळा, स्वतःचं शटर, स्वतःची पाटी! भागाबाईंनी विचारलं, गाळ्याला शटर शे का? त्यांनी आहे म्हणून सांगितलं. पियुषला विचारलं त्यांनी नव्हतंच, पण शटर नसलेला गाळा त्यांच्या डोक्यात बसेना. रात्रीची भाकर होईस्तोवर नावही ठरलं, 'दिपमाला साडी सेंटर'.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइक हातात घेतला आणि घसा खाकरला. या माइकवर खरं बोलायची ही पहिलीच वेळ. "माता-भगिनींनो," ते म्हणाले, "दुकान बंद होणार आहे."

रस्त्यावरून जाणाऱ्या एकाही माणसाने मान वळवली नाही.

मग त्यांनी "आता खरंच" असं जोडलं. लोकांना वाटलं नवी स्कीम आली. दुपारी पहूरच्या कमलबाई आल्या. या जुन्या गिऱ्हाईक. तीन लेकी आणि दोन दिरांची लग्नं त्यांनी याच दुकानातून लावली होती. कौतिकभाऊंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की अक्का, काय घ्यायचं ते घेऊन टाका, महिनाअखेरीला इथे भिंतही राहणार नाही.

कमलबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "भाऊ, माझं लगन झालं तवापासून तुमचं दुकान बंद होऊन राह्यलं. आता आखाजीले पोरी माहेरी येतीन, तवाच येते. बंद नका होऊ तोवर."

आणि अक्षय्य तृतीयेचा वायदा करून एक प्लास्टिकचा टब तेवढा घेऊन गेल्या.

पियुषने पत्रकं छापली आणि पेपरात घालून घरोघर पाठवली. लोकांनी त्यावर पोहे खाल्ले. कौतिकभाऊंनी माइकवर एकवीरा मातेची आण घेतली, तर समोरचा पानवाला म्हणाला, यंदा भाऊंनी देवीलाही सेलमध्ये लावलं. पाडायचं मशीन चार दिवस आधीच येऊन दारात उभं राहिलं, तेव्हा कौतिकभाऊंना वाटलं, आता तरी पटेल. पण आपल्या रस्त्यांवर मशीन उभं दिसलं तर कुणी दचकतं का? पाइपाचं काम निघालं असेल म्हणून लोक वळसा घालून गेले. मशीनच्या सावलीत रसवंतीची गाडी लागली आणि दुकानापेक्षा जास्त गर्दी तिला झाली.

माल तसाच होता. साड्यांचे गठ्ठे, टॉवेल-टोपीचे ढीग, गाऊन, स्टीलचे डबे. सुरतचा व्यापारी येऊन काटा कुठे लावायचा ते पाहून गेला. जाताना एक साडी हातात घेऊन त्याने वजन अजमावलं, कापूस अजमावतात तसं. कौतिकभाऊंनी तिची घडी पुन्हा नीट केली.

त्या संध्याकाळी ते घरी जेवायला बसले आणि ताट पुढे तसंच राहिलं. लोक गाढव आहेत, असं त्यांनी भागाबाईंना सांगितलं. किती जीव तोडून सांगतो, एकालाही पटत नाही. भागाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"इतला वरीस तुम्ही लबाड बोलनात," त्या म्हणाल्या. "आते खरं बोली राहिनात, त लोकेसले कसं कळी?"

कौतिकभाऊंनी ताट पुढे ओढलं.

"ती पाटी काढी टाका ना मंग," भागाबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी कौतिकभाऊंनी स्टुलावर चढून पाटी काढली. मागे भिंतीवर पाटीएवढा कोरा चौकोन निघाला, आजूबाजूची भिंत काळी आणि तो आबांच्या काळातला पांढराशुभ्र. माइकही त्यांनी लावला नाही. नुसते दारात बसून राहिले.

पहिला थबकला तो पानवाला. त्याने चुना लावता लावता वर पाहिलं आणि हात तसाच राहिला. "भाऊ, पाटी कुठे गेली?"

"काढली," कौतिकभाऊ म्हणाले.

"म्हणजे सेल संपला?"

कौतिकभाऊंनी नुसती मान हलवली. त्या हलण्याचा अर्थ ज्याला जो लावायचा तो त्याने लावला, आणि दुपारच्या आत जळगावभर एकच झालं, तीन दिवसवाल्याचे तीन दिवस संपले, आता भाव वाढणार. आवाज बंद झाला म्हणून शेजारच्या गल्लीतल्या बायका घाबरून बघायला आल्या आणि येताना पिशव्या घेऊन आल्या. देण्याच्या साड्या मिळणार नाहीत तर पोरींची लग्नं व्हायची कशी? जे दुकान पडणार म्हणून कुणी हललं नव्हतं, त्याची पाटी पडली म्हणून रिक्षा लागल्या. सावद्याहून गाडी करून माणसं आली. कमलबाई पहूरच्या एसटीतून उतरल्या त्या थेट गठ्ठ्यावर, आणि भाऊंना ओरडल्याच, की मेल्या, सांगायचं तरी होतं! सांगितलं होतं, असं म्हणायला कौतिकभाऊंना उसंत नव्हती.

साड्या गेल्या, टॉवेल-टोप्या गेल्या. डबे संपल्यावर झाकणं गेली. कुणीतरी हँगर उचलले, आणि एका बाईने कौतिकभाऊ उठले तेवढ्यात त्यांच्या बुडाखालचं स्टूल नेलं, त्यांनीच पैसे घेऊन दिलं. सुरतचा व्यापारी काटा घेऊन आला, तेव्हा दुकानात वजन करण्याजोगा एकटा पियुष उरला होता.

पियुष खूश झाला. गळ्यात पडला. आठवण म्हणून काय हवं ते घ्या, म्हणाला. आणि दुकानात दुसरं काही शिल्लकच नसल्यामुळे कौतिकभाऊंनी पाटी घेतली. सायकलला आडवी बांधून घरी नेली. वाटेत दोघांनी थांबवून विचारलं, कुठलं दुकान?

मशीनने एका सकाळीत सगळं पाडलं. जागेभोवती निळे पत्रे लागले आणि पत्र्यांवर नव्या इमारतीचं चित्र. काचच काच. पुढे नारळाची झाडं, गोऱ्यागोमट्या बायका कुत्री घेऊन फिरताहेत. मे महिन्यातल्या जळगावचं चित्र, आणि त्यात एकही माणूस घाम पुसत नव्हता. खाली लिहिलं होतं, 'लवकरच आपल्या सेवेत'. कौतिकभाऊ रोज त्या चित्रासमोर उभे राहून जिना शोधत. सापडेना. शेवटी त्यांनी पियुषलाच विचारलं, माझा जिना कुठल्या बाजूला आहे?

पियुषने चित्रावर बोट ठेवलं. मग बोट काढून घेतलं. "काका, प्लॅन थोडा बदललाय. आता सरकता जिना येणार."

"येऊ द्या ना. सरकत्याच्या खाली बसेन."

"त्याच्याखाली मशीन असतं, काका."

यावर भांडायचं कसं ते कौतिकभाऊंना कळेना. आबा असते तर जिन्याशी घासाघीस केली असती. पियुषने, बघू काका, काहीतरी करू, असं म्हटलं. चित्राखाली लिहिलेलं 'लवकरच' वाचून जो धीर येतो, तेवढाच त्यातून आला.

घरी भागाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शटर शे का म्हणून यावेळी विचारलं नाही. ट्रंक उघडली आणि दिपमालाच्या लग्नानंतरही फिरून फिरून परत आलेल्या साड्या काढून खाटेवर मांडल्या. ढीग बराच झाला.

दुसऱ्या सकाळी निळ्या पत्र्यांना लागून, कुत्रेवाल्या बाईच्या बरोबर खाली एक हातगाडी उभी राहिली. गाडीवर साड्या, आणि गाडीच्या वर, चित्रातल्या काचा निम्म्या झाकत, जुनी पाटी: 'दुकान खाली करणे आहे. शेवटचे तीन दिवस.' घसा खाकरायचीही गरज पडली नाही. पानवाल्याने पाहिलं आणि हुश्श केलं. कमलबाई आल्या, गाडी बघितली, पाटी बघितली, आणि समाधानाने म्हणाल्या, की बरं झालं बाई, पुन्हा सुरू झालं. साड्या संपल्या की कौतिकभाऊ सुरतेहून मागवत. किलोवर. व्यापारी ओळखीचा झाला होता.

पत्र्यांच्या आत खड्डा खणून झाला, त्यात पावसाचं पाणी साचलं, बेडकांनी पार्किंगचा ताबा घेतला. एक दिवस पियुष गाळे बघायला आलेल्या दोन पार्ट्या घेऊन गाडीतून उतरला. त्यांना आधी खड्डा दिसला, मग चित्र, आणि चित्राच्या मधोमध पाटी. एकाने विचारलं, सुरू व्हायच्या आधीच बंद होतंय का हे?

पियुष लगबगीने हातगाडीपाशी आला. सरकत्या जिन्यापासून त्याला कौतिकभाऊंशी वर नजर करून बोलता येत नसे. "काका," तो साड्यांकडे बघत म्हणाला, "ही गाडी तेवढी इथून हलवाल का?"

"हलवतो की, भाऊ," कौतिकभाऊ म्हणाले. "शेवटचे तीन दिवस."

पियुषच्या जिवात जीव आला. त्याने परत जाऊन पार्ट्यांना तसं सांगितलंही. या गोष्टीला आता दुसरी आखाजी येऊन गेली. त्या पाटीवर विश्वास ठेवणारा अख्ख्या जळगावात एकच माणूस निघाला, आणि तो आबांचा नातू.