सैल स्क्रू

मिस्त्री आणि मी एकमेकांना पहिल्या दिवसापासून खुपत होतो. हिंगणा रस्त्यावरच्या त्या कारखान्यात लोखंडी पट्ट्यांना भोकं पाडायचं यंत्र होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मालकांनी पट्टी पुढे सरकवणाऱ्या त्याच्या टेबलाला ठरावीक टप्प्यांनी फिरणारी स्टेपर मोटर बसवली आणि ती सांभाळायला मला, पॉलिटेक्निकमधून नुकत्याच निघालेल्या मुलीला, कामावर घेतलं. तोवर मिस्त्री त्याच यंत्राचं चाक हाताने फिरवत आला होता.

मोटरच्या मागे एन्कोडर होता. मोटर खरोखर किती फिरली ते मोजून तो मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला कळवायचा. कमी भरलं तर कंट्रोलर तिला आणखी ढकलायचा. एका सोमवारी भोकं पुढे सरकून पडायला लागली. दुपारपर्यंत पट्ट्यांचा ढीग भंगारात गेला.

"तुह्या डब्यातच खोट हाये," मिस्त्री कंट्रोलरकडे बोट दाखवत सगळ्यांसमोर म्हणाला. "कागदावर शिकली अन् मशीनले हात लावून राहिली."

मी मोटर बंद करून तिचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, हाताने सावकाश फिरवला. कंट्रोलरवर आकडे बरोबर आले. म्हणजे गडबड मोटर चालू असतानाच होत होती. नीटनेटकं दिसावं म्हणून मिस्त्रीने एन्कोडरची वायर मोटरच्या वायरीला सुतळीने बांधली होती. मला हवं ते मिळालं. मोटरच्या वायरीतली वीज शेजारच्या वायरीत खोटे आकडे घुसवते, असं मी मालकांना सांगितलं. त्यांनी मिस्त्रीला यंत्रावरून उठवून गोदामात पाठवलं. जाताना तो माझ्याकडे बघत थुंकला.

वायरी वेगळ्या केल्या, तरी भोकं पुढेच पडत राहिली. दोन दिवस मी कंट्रोलरमधली सर्किटची कार्डं काढत-घालत होते आणि मनात शिव्या मिस्त्रीलाच देत होते. मग मोटरचा शाफ्ट एन्कोडरला जोडणाऱ्या कपलिंगवर, शाफ्टपासून सलग, पेन्सिलने एक रेघ ओढली आणि मोटर झटक्याने चालू-बंद केली. रेघेचे दोन तुकडे झाले. सावकाश फिरवताना घट्ट वाटणारं कपलिंग झटका बसला की शाफ्टवर घसरत होतं. म्हणून एन्कोडर कमी मोजायचा आणि कंट्रोलर मोटरला जास्त ढकलायचा. कपलिंगचा बारीक स्क्रू सैल होता. तो मीच बसवला होता.

आवळला. कोणी पाहत नव्हतं. गप्प बसता आलं असतं. मग मालकांना बोलावलं, मिस्त्रीलाही.

"स्क्रू माझाच सैल राहिला होता. वायरींचा संबंध नव्हता."

मालक "बरं, चालू करा" म्हणून निघून गेले. मिस्त्री हलला नाही.

"मंग मले गोदामात काहून पाठवलं?"

"चुकलं माझं."

"चूक दिसली म्हणून नाही पाठवलं. तुले मी नको होतो."

ते खरं होतं, आणि खरं असूनही मला त्याच्याबद्दल तसूभर माया वाटली नाही.

तो यंत्रावर परतला. पुढची दोन वर्षं आम्ही शेजारी काम केलं. त्याला काही हवं असलं की तो पलीकडच्या कामगाराला सांगायचा आणि तो कामगार मला. मी नोकरी सोडली त्या दिवशीही त्याने मान वर केली नाही. मीही त्याच्याजवळ गेले नाही.