खिडकीजवळची तिसरी सीट

विमान कंपनीने मला एक तास पस्तीस मिनिटांना फसवलं. सरळच सांगतो.

भूत, करणी असलं बोलणाऱ्याला मी गाळ्यावर उभंसुद्धा करत नाही. नागपूरच्या संत्रा बाजारात टोपल्या उचलत होतो, तिथेच पुढे स्वतःचा गाळा घेतला. स्वतः बघितल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही.

आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. ज्याच्या खाली उतरायचं नाही तो शेवटचा आकडा... तो बायकोलाही सांगायचा नाही.

शहात्तरचा हिवाळा. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याशी हंगामाचा सौदा करायला मी पहिल्यांदाच विमानाने निघालो. बायको शकुंतला सोबत होती. मी हमाल असताना ज्याने मला विश्वासावर पहिला माल दिला, तो काटोलचा नामदेव आदल्या दिवशी बजावून गेला — "पटकन खाली येऊ नको गा. पूर्ण बाग तुह्या भरोशावर ठेवून राहिलो."

तिकीटवाला म्हणाला, "हजारेक किलोमीटर, दोन तास." रेल्वेला जवळजवळ अख्खा दिवस लागतो, हे दोन तासांत कसे नेतात? मी घड्याळ मिळवून घेतलं.

सव्वादहाला उडालो. दहा चाळीसला संत्रं सोललं, पहिली फोड तोंडात टाकली — आणि रस गिळायच्या आत चाकं जमिनीला टेकली! माझ्या घड्याळात दहा चाळीस. कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा.

"इतक्यात आलो?"

"इतक्यात?" शकुंतला म्हणाली. "केव्हाचे त्या माणसासंग रुमालाखाली हात घालून बसले होते नं!"

"कोणत्या माणसासंग?"

"खिडकीजवळच्या. मले वाटलं, ओळखीचा आहे. रुमाल तुम्हीच काढला."

"मग थांबवलं काहून नाही?"

"सौद्यात बोललं तर खाऊन टाकता मले!"

खिडकीजवळ कोणी नव्हतं. हातातल्या बाकीच्या फोडी सुकून चामट झाल्या होत्या. तोंडातली मात्र ताजी.

दुपारी व्यापाऱ्याने रुमाल पसरला. मी बोट हलवायच्या आत त्याने माझाच शेवटचा आकडा दाबला. नेमका तोच! मी वर ओढायला गेलो, तर तो हसला.

"सेठजी, इससे नीचे आप उतरेंगे नहीं, और ऊपर मैं चढ़ूँगा नहीं."

"किसने बताया?"

"आपके हाथ ने."

मी सगळ्यांवर संशय घेतला. शकुंतलाशी दोन दिवस बोललो नाही. सीताबर्डीच्या घड्याळवाल्याने घड्याळ उघडून पाहिलं, म्हणाला, काहीच बिघाड नाही. कंपनी म्हणते, ती तिसरी सीट रिकामी होती. शकुंतला आजही म्हणते, नव्हती.

आणि नामदेव? भाव ऐकून तो एवढंच म्हणाला, "जाताजाताच फितला काय गा?" पुढच्या हंगामापासून त्याची गाडी माझ्या गाळ्यासमोरून जाते, दुसऱ्याकडे. तो मान वळवत नाही.

मला आजवर उलगडा झालेला नाही. कंपनीला तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच — "विमान वेळेवर पोहोचले."

ते मलाही दिसलं! त्या सीटवर कोण बसलं होतं, ते बोला. आणि उत्तर मला पाठवू नका... काटोलला जा, नामदेवसमोर उभे राहा, आणि त्याला सांगा.