साडभाऊंचा रानडुक्कर

राक्षसासारखा ओरडूनही बायकोच्या शब्दाबाहेर न जाणारा पुरुष उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघावा, हे माझं प्राक्तन. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. लाखनीला हायवेला लागून त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकाशी इतक्या हळू बोलतात की युरियाचा भाव सांगताहेत की घरचं गुपित, ते कळू नये. पण संध्याकाळी शटर पडलं की मागच्या गोदामात हाच माणूस काळं बनियन घालून बेंबीच्या देठापासून असा काही आवाज काढतो, की बाहेर ट्रकवाले गाडी थांबवून टायर बघायला उतरतात. या प्रकाराला मेटल म्हणतात, हेही मला त्यांनीच शिकवलं. "मास्तर, थ्रेशरमधी धान अडकला का जो आवाज येते ना, तो सुरात आला का झालं मेटल!" मी शाळेत मराठी शिकवतो आणि मला भावगीतं आवडतात. पण साडभाऊ काही निवडून घेता येत नाही.

बँडचं नाव 'रानडुक्कर'. बारा वर्षांपूर्वी साडभाऊ आणि तीन लांब केसांचे मित्र यांनी तो काढला. 'रानडुक्कर येत आहे' असं पहिलंवहिलं पोस्टर वाचून गावातले दोन शेतकरी काठ्या घेऊन धानाच्या बांधीवर राखणीला बसले होते. पुढे गिटारवाल्याला हैदराबादला नोकरी लागली. दुसऱ्या कुणी दुसरा गिटारवाला शोधला असता. यांचा हिशेबच न्यारा! रिकाम्या जागेवर जो माणूस येईल, त्याचं वाद्य ते आपलं वाद्य. तेव्हा गिटारच्या जागी लग्नाच्या वरातीत क्लॅरोनेट वाजवणारे एक काका आले. साडभाऊंनी आवाज फाडून खरखरीत करणारं गिटारचं जुनं पेडल त्या क्लॅरोनेटला जोडलं, आणि त्यातून जे काही निघालं ते ऐकून शेजारच्या म्हशीने दोन दिवस दूध दिलं नाही. ड्रमवाला पोलीस भरतीत लागला, त्याच्या जागी दंडारीच्या खेळातला, गावच्या नाचगाण्यातला ढोलकीवाला आला. तिसऱ्याला सासऱ्याच्या राइस मिलवर बसावं लागलं, मग भजनातला एक टाळकरी आला. तो डोळे मिटून वाजवायला लागला की गाणं संपल्याचं त्याला खांदा हलवून सांगावं लागे. प्रत्येक माणसागणिक गाणी बदलली. साडभाऊंनी कधी कपाळाला आठी घातली नाही. जाणाऱ्याला मटण-भात खाऊ घालायचे आणि म्हणायचे, "मानूस जाते, बँड रायते. रडाचं कायले?"

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती, ती मंडई. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, नाटक होतं. त्या मंचावर एकदा वाजवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावची मंडळी हात जोडायची, "नको भाऊ, लेकरं भेतात." यंदा एकोडीच्या मंडळींनी नाटकाआधीचा अर्धा तास दिला. साडभाऊंनी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढा दिला, उधारीवाल्यालासुद्धा.

आणि मंडई पंधरा दिवसांवर असताना त्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत. महिनाभर मौन धरा आणि ते ओरडणं कायमचं सोडा, नाहीतर साधं बोलणंही जाईल. बारा वर्षांत बँडमधलं सगळं बदललं होतं, मूळचे असे हे एकटेच उरले होते. "बारा वर्सात पयल्यांदा माहा आवाज मले घरात आयकू येऊन राहिला," असं मेहुणीबाई आम्हाला हसत म्हणाल्या खऱ्या, पण लगेच आत जाऊन त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं.

मी म्हटलं, "भाऊ, एकोडीले नाही म्हणून कळवून टाकू." त्यांनी बिलबुक उलटं केलं आणि मागे लिहिलं: 'मंडई होणार. सासूबाई गातील.'

मी दोनदा वाचलं. आमच्या सासूबाई सिहोऱ्याला राहतात. रोवणा म्हणजे भातलावणी करणाऱ्या बायांच्या त्या म्होरक्या. त्यांनी गाणं सुरू केलं की पलीकडच्या चार बांध्यांतल्या बाया मान वर करतात. आता साडभाऊंना बोलता येईना आणि सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून वकिली माझ्या गळ्यात पडली. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"जवाईबापू, मले तुमचं ते गुरगुरनं काई जमत नाई. मले रोवन्याचे गाने येतात."

साडभाऊंनी घाईघाईने लिहिलं, मी वाचून दाखवलं, "तेच पायजे."

"मंग माह्या मागून या म्हना सगळ्याइले. मी कोनाच्या मागं गात नाई."

साडभाऊंनी तिथेच त्यांचे पाय धरले.

तालमीत सासूबाईंनी क्लॅरोनेटवाल्या काकांना दोनदा झापलं आणि टाळकऱ्याला डोळे उघडे ठेवायला लावले. साडभाऊ खताच्या पोत्यावर बसून हाताने ठेका दाखवायचे. एकदा मी जरा लवकर गेलो, तर गोदामात ते एकटेच होते. बंद माइकसमोर उभे राहून मानेच्या शिरा ताणून त्यांनी तोंड उघडलं होतं, आवाज मात्र काढत नव्हते. मी आल्या पावली परतलो आणि चौकात चहा पीत उभा राहिलो.

मंडईत दिवस मावळताना सासूबाई पदर खोचून माइकसमोर उभ्या राहिल्या आणि पहिली ओळ एकट्याच गायल्या. रोवण्याचं गाणं एकीने टाकायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं असतं. समोरच्या बायांनी ते बसल्या जागी झेललं. मग ढोलकी, टाळ आणि ते पेडल लावलेलं क्लॅरोनेट असं काही तुटून पडलं की अहो, माझ्या अंगावर काटा आला! लेकरं भ्यायली नाहीत, नाचायला लागली.

साडभाऊ माझ्या शेजारी गर्दीत उभे होते. पुढच्या एका माणसाने वळून त्यांना विचारलं, "कोनाचा बँड आहे, भाऊ?" त्यांनी बिलबुक काढलं, पेन जरा वेळ तसंच धरून ठेवलं, मग लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचलं, "सासूबाईचा."

"जबरदस्त आहे बाई!" म्हणत तो माणूस पुढे घुसला. साडभाऊ हसले. डोळे भरले होते, तरी हसले. गाण्यात ती जागा आली, जशा जागी बारा वर्षं बँडच्या प्रत्येक गाण्यात त्यांची डरकाळी यायची. तिथे ढोलकी थांबली. त्यांचं तोंड उघडलं आणि त्यांनी हाताने ते झाकून घेतलं. खरं सांगतो, ज्या आवाजाने बारा वर्षं माझं डोकं उठवलं, तो आवाज त्या घटकेला ऐकायला मिळावा म्हणून मी माझी सगळी भावगीतं देऊन टाकली असती.