वैनीस्नी भाईर बोलवा

आमच्या गल्लीत येणारा विमा एजंट बोलायला मऊ, पण भारी हट्टी. सायकल भिंतीला टेकवून आधी चहा घेणार, मग हप्ता, मुदत, वारस सावकाश समजावणार. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचा अर्ज भरताना तो वारसाच्या रकान्यापाशी थांबला.

"वैनीस्नी भाईर बोलवा."

"तिला काय कळतंय त्यातलं? नाव लिवा की," दादा म्हणाला.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "दादा, तुमच्या माघारी पैसं मागायला तुमी येणार न्हाय. त्याच येणार हायत."

दादानं माझ्याकडं बघितलं. घरातला पहिला पदवीधर मी. मीच वहिनीला हाक मारली. ती पदराला हात पुसत दाराशी थांबली. एजंट उठला, आपली खुर्ची तिला दिली.

"बसा वैनी. पयल्यापासनं सांगतो."